वाफेचं इंजिन जिवंत ठेवायला किती हात लागतात?

माथेरानच्या गाडीचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मुलांचा असतो: ती गाडी अजून धूर सोडते का? दुसरा मोठ्यांचा, बहुधा परदेश पाहून आलेल्या एखाद्या काकांचा: विलायतेत निवृत्त माणसं हौसेनं, एक पैसा न घेता वाफेची इंजिनं चालवतात, मग आपलं नेरळचं इंजिन नुसतं उभं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. नाही, रोजची गाडी डिझेलवर चालते. दुसऱ्या प्रश्नासाठी हे प्रकरण खर्ची घालावं लागेल, कारण ‘इंजिन चालवणं’ यात नेमकं काय काय येतं, हे आधी पाहिल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

१. डोंगर समोर, गाडी पलीकडे

पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असेल, तर तळोज्यातल्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला डोंगरांची रांग दिसते. मलंगगड डावीकडे, प्रबळगड उजवीकडे आणि त्याच्या मागे माथेरानचं लांबलचक पठार. पनवेल तालुक्यातलं धोदाणी हे गाव याच पठाराच्या पायथ्याशी आहे आणि तिथून सनसेट पॉइंटला चढणारी पायवाट ट्रेकर मंडळींना ठाऊक असते. म्हणजे माथेरान तळोजेकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. गाडी मात्र डोंगराच्या पलीकडच्या अंगानं, नेरळहून चढते. तळोजा पंचनंद स्थानकातून दिव्याकडे जायचं, तिथून कल्याणमार्गे कर्जतच्या लोकलनं नेरळ गाठायचं, असा रेल्वेचा वळसा पडतो.

ही लाइन सरकारनं बांधलेली नाही. मुंबईचे गिरणीमालक सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती बांधली आणि वडिलांनी पैसा पुरवला. खर्च आला १६ लाख रुपये. २२ मार्च १९०७ रोजी ती वाहतुकीला खुली झाली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर. आखणीत सल्ला होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा तो हाच. सोलापूरकडच्या वाचकांना हे नाव माथेरानमुळे नव्हे, बार्शीमुळे माहीत असेल.

२. चढाचा हिशेब

नेरळ ते माथेरान गाडी सुमारे ७६० मीटर उंची चढते. २० किलोमीटरांत ७६०, म्हणजे सरासरी दर २६ मीटरांना एक मीटर चढ. सर्वांत कडक ठिकाणी तो २० मीटरांना एक मीटर आहे. मोटारीला हे काहीच वाटणार नाही. पण रबरी टायर डांबराला धरून राहतं, तसं गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळाला धरत नाही. साध्या रेल्वेमार्गावर शंभराला एक हाही चढ जड मानला जातो.

आता या चढावर कोळसा किती जळेल? वीजबिलावरचं ‘युनिट’ आपल्या ओळखीचं आहे, तेच माप घेऊ. एक टन वजन ७६० मीटर वर उचलायला सुमारे दोन युनिट ऊर्जा लागते. किलोभर चांगल्या कोळशात सुमारे सात युनिट असतात. म्हणजे टनाला पाव-अर्धा किलो कोळसा पुरावा, असं वाटतं. तसं होत नाही. लहान वाफेचं इंजिन कोळशातल्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच भाग चाकांपर्यंत पोचवतं. बाकीचे धुरातून, वाफेतून आणि तापलेल्या लोखंडातून हवेत जातात. सातचे पाच टक्के ०.३५. दोनाला ०.३५ नं भागलं की उत्तर येतं जवळजवळ सहा किलो. एका टनामागे सहा किलो, तेही फक्त उंची चढायला. घर्षण आणि वळणं वेगळी. इंजिन आणि डबे मिळून ३० टन धरले, तरी एका खेपेला १८० किलो कोळसा माणसानं फावड्यानं भट्टीत टाकायचा.

डिझेल का आलं, हे या एका आकड्यावरून कळतं. १९५० च्या दशकात जर्मन बनावटीची छोटी डिझेल इंजिनं इथे आली आणि १९८० च्या दशकात वाफेची नियमित सेवा थांबली.

३. बॉयलरच्या आत

वाफेचं इंजिन कळायला स्वयंपाकघरातला कुकर पुरेसा आहे. पाणी उकळून त्याची मोकळी वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. कुकरमध्ये तिला जागा मिळत नाही, म्हणून दाब वाढतो आणि शिटी उचलली जाते. इंजिनात हीच कोंडलेली वाफ एका नळकांड्यात सोडतात. ती दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या दांड्यामार्फत चाक फिरवतो. काम झालेली वाफ चिमणीतून जोरात बाहेर पडते. जाताना ती भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीला ताजी हवा मिळते आणि विस्तव भडकतो. इंजिन जितकं जोरात ओढेल, तितका भट्टीचा भाताही जोरात चालतो. कुणाला बटण दाबावं लागत नाही. ‘झुक झुक’ हा आवाज म्हणजे हेच वाफेचे फुत्कार.

कुकरमधलं पाणी आटलं तर डाळ करपते आणि घरातल्या कुणाची तरी बोलणी खावी लागतात. इंजिनात मामला याहून गंभीर असतो. भट्टीचं छत पाण्याखाली असतं, म्हणून ते वितळत नाही. पाणी त्या छताच्या खाली उतरलं तर काही मिनिटांत पत्रा तापून मऊ होतो आणि दाबाखाली फाटतो. आता माथेरानचा चढ आठवा. तीन मीटर लांबीचं बॉयलर २० ला १ चढावर कललं, की आतल्या पाण्याच्या पातळीत पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. सपाटीवर बरोबर दिसणारी पातळी चढावर फसवी ठरते, आणि उतारावर उलट्या बाजूनं फसवते. काचनळीतलं पाणी वाचायला शिकणं म्हणजे हा कल मनात धरून वाचायला शिकणं.

पहिली चार इंजिनं जर्मनीतल्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. सहा चाकी इंजिनाचे तिन्ही आस एकमेकांना समांतर आणि पक्के असले, तर ते तीव्र वळणावर अडकतं. म्हणून या इंजिनांच्या पुढच्या आणि मागच्या आसांभोवती पोकळ नळ्या होत्या. चाकं नळीवर बसवलेली आणि नळी आतल्या आसावर थोडी इकडेतिकडे सरकणारी. वळण आलं की टोकाची चाकं आपली दिशा आपणच धरतात. क्लीन-लिंडनर नावाची ही युक्ती माथेरानच्या वळणांवर पाऊण शतक टिकली. एवढी गुंतागुंतीची रचना इतकी वर्षं घाटात तग धरते, याचं श्रेय मी तरी जर्मन कारखान्याइतकंच नेरळच्या शेडमधल्या फिटरांना देईन.

४. पहाटेची भट्टी

डिझेल इंजिन किल्ली फिरवून सुरू होतं. थंड पडलेलं वाफेचं इंजिन तयार व्हायला चार ते सहा तास लागतात, मोठं असेल तर त्याहून जास्त. दहाची गाडी असेल तर कुणीतरी पहाटे चारला शेडमध्ये हवं.

तो माणूस आल्यावर आधी आग लावत नाही. आधी पाणी बघतो. मग काल रात्रीची राख आणि जळके खडे भट्टीतून आणि खालच्या राखपेटीतून ओढून काढतो. धूरपेटीचं दार उघडून आतली काजळी फावड्यानं भरतो, नळ्या लांब ब्रशनं साफ करतो. त्यानंतर लाकडाच्या ढलप्या आणि तेलात भिजवलेली चिंधी पेटवून भट्टीत सरकवतो. कोळसा अगदी थोडा थोडा, वरून. घाई करायची नाही. तांबं आणि पोलाद तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. आग एकदम भडकवली तर सांधे ताणले जातात आणि नळ्या गळू लागतात.

दाब चढत असताना दुसरा माणूस तेलाची बुधली घेऊन इंजिनाभोवती फिरतो. एकेका बेअरिंगला, दांड्याच्या एकेका सांध्याला तेल. हे काम करता करता त्याचे डोळे ढिल्या नटांवर आणि तडांवर असतात. तिसरा चिंध्यांनी इंजिन पुसतो. पाहणाऱ्याला ही नुसती झळाळीची हौस वाटते, पण तेलाच्या थराखाली तडा दिसत नाही, म्हणून पुसणं ही तपासणीच आहे. दर काही आठवड्यांनी बॉयलर थंड करून आतला क्षार आणि गाळ धुऊन काढावा लागतो. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून, पूर्ण खोलून तपासतात. त्यात लाखो पौंड जातात.

गाडीवर आणखी माणसं लागतात. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. माथेरानच्या गाडीत वर्षानुवर्षं डब्याडब्यावर ब्रेक लावणारी माणसंही असत. इंजिनाच्या शिटीवरून त्यांना कळायचं की हातब्रेक आवळायचा की सोडायचा. उतारावर गाडी चालवणारा फक्त ड्रायव्हर नसे, हे ब्रेकवालेही असत.

५. बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलातली गोष्ट

‘हौशी रेल्वे’ ही कल्पना जन्मली ती वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेमुळे. १८६५ सालची ही लाइन खाणीतून पाटीचा दगड वाहायची. १९४६ मध्ये खाण बंद पडली. मालक सर हेडन जोन्स यांनी, आपण असेतो गाडी चालू राहील असं ठरवलं होतं, आणि जुलै १९५० मध्ये ते वारले. तेव्हा रूळ इतके खिळखिळे होते की काही ठिकाणी गवतच त्यांना धरून होतं, असं लोक म्हणत.

११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरली. पुढाकार टॉम रोल्ट या लेखक-अभियंत्याचा. जमलेल्यांनी ठरवलं की ही लाइन आपणच चालवू, आणि १४ मे १९५१ रोजी त्यांनी पहिली गाडी सोडली. चालू स्थितीतलं इंजिन एकच होतं. तितक्याच रुंदीच्या शेजारच्या बंद लाइनवरची दोन जुनी इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली आणि चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. आज ब्रिटनमध्ये अशा शंभराहून अधिक रेल्वे आहेत आणि त्यांवर राबणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या वीस हजारांच्या वर आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वयंसेवक म्हणजे आला, टोपी घातली आणि ड्रायव्हर झाला, असं अजिबात नसतं. सुरुवात चिंधीपासून होते. एक-दोन वर्षं इंजिन पुसायचं, राख काढायची. मग परीक्षा देऊन फायरमन. आणखी काही वर्षं कोळसा मारल्यावर, नियमांची आणि प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा देऊन ड्रायव्हर. पगार नाही म्हणून सुरक्षेचे नियम सैल होत नाहीत. वैद्यकीय तपासणी, विमा, सरकारी निरीक्षक, सगळं लागू.

शिवाय निम्म्याहून अधिक माणसं इंजिनाजवळ फिरकतही नाहीत. कुणी स्लीपर बदलतं, कुणी डब्यांच्या गाद्या शिवतं, कुणी सिग्नलच्या केबिनमध्ये बसतं, तिकिटं फाडतं, फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालतं. चहाची खोली चालवणाऱ्या बायका नसत्या तर अर्ध्या लाइनी बुडाल्या असत्या. नुसत्या तिकिटाच्या पैशांत सगळा खर्च भागत नाही, हातभार लागतो तो चहा-केकचा आणि दुकानाचा.

ते का करतात? हौस हे उत्तर खरं, पण अपुरं. आयुष्यभर बँकेत आकडे मांडलेल्या माणसाला साठीत हातानं काहीतरी नीट करायला शिकायचं असतं आणि ते शिकवायला तिथे कुणीतरी असतं. आपल्याकडे भजनी मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ माणसाला जी जागा देतं, तीच ही जागा आहे असं मला वाटतं. फरक एवढाच की इथे चूक झाली तर पत्रा फाटतो.

६. पाहुणे कशासाठी येतात

वेगासाठी तर कुणी येत नाही. लोक येतात ते यंत्र उघडं दिसतं म्हणून. मोबाइलच्या आत काय चाललंय ते कळत नाही. इथे दांडा मागेपुढे होतो, चाक फिरतं, कारण आणि परिणाम एका नजरेत दिसतात. म्हणून चांगल्या वारसा-रेल्वे शेडचं दार उघडं ठेवतात, मुलांना पायरीवरून इंजिनाच्या खोलीत डोकावू देतात. नाताळात सांताची गाडी सोडतात, पैसे भरणाऱ्याला तासभर देखरेखीखाली इंजिन चालवू देतात.

‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक रेव्हरंड ऑड्री हे टॅलिलिनवर स्वतः स्वयंसेवक होते. १९५२ मध्ये गार्डचं काम करताना त्यांनी शिटी वाजवून गाडी सोडली आणि अल्पोपाहार विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. पुढे त्यांनी हीच फजिती मुलांच्या गोष्टीत घातली. ज्या रेल्वेत गार्डची चूक गोष्ट बनून तिकिटं खपवते, तिला जाहिरातीची चिंता नको.

माथेरानचं आकर्षण वेगळ्या जातीचं आहे. जुम्मापट्टीला समोरून येणारी गाडी, वॉटर पाइपचा थांबा, मार्गावरचा एकमेव बोगदा ‘वन किस टनेल’, दारात येणारी माकडं. पण माथेरानला मोटारींना बंदी आहे, वाहनं दस्तुरी नाक्याला थांबतात. त्यामुळे अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल गावकऱ्यांच्या रोजच्या कामाची आहे. टॅलिलिन बंद राहिली तर पर्यटक हिरमुसतात. माथेरानची गाडी बंद राहिली तर गावाचा किराणा महागतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि २००७ पर्यंत गाडी बंद होती. २०१९ च्या पावसानंतर नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच परतली. अशा लाइनीला हौसेच्या भरवशावर सोडता येत नाही, हेही खरं.

७. मग आपल्याकडे हे हात कुणाचे?

आपल्याकडे रेल्वे सरकारची. चालवणारे पगारी, प्रशिक्षित, जबाबदार धरता येणारे. बाहेरच्या माणसाला रुळावर पाऊल टाकायलाही परवानगी लागते. आपल्याकडे वाफ जिथे टिकली, ती खात्यातल्या कारागिरांमुळे टिकली. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली. हरियाणात रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये वाफेची इंजिनं दुरुस्त करून चालती ठेवली आहेत. १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ तिथेच ठेवलेलं आहे. दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका-सिमला २००८ मध्ये जागतिक वारसा ठरली. माथेरान संभाव्य यादीत आहे.

हौशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांची जागा रुळाबाहेर आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे, एका कुटुंबाच्या छंदातून. वऱ्हाडात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या ‘शकुंतला’ गाडीसाठी लोकांनी समित्या काढल्या, मोर्चे नेले. १९९४ पर्यंत ती गाडी वाफेवर होती. नागपुरात मोतीबागेला नॅरोगेजचं संग्रहालय आहे. आणि एक गमतीची गोष्ट: माथेरानच्या मूळ चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंग्लंडात लेटन बझर्डला पोचलं. १९१९ मध्ये वाळू वाहायला बांधलेली ती लाइन आता स्वयंसेवकच सांभाळतात.

८. रविवारचा हिशेब

काकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा रेल्वेनं उद्या परवानगी दिली: मोसमात दर रविवारी नेरळहून एक वाफेची गाडी, निम्मं मनुष्यबळ स्वयंसेवकांचं नव्हे, पूर्णच त्यांचं. किती माणसं लागतील?

पावसाळ्याचे चार महिने वगळले तर साधारण ३५ रविवार. दर रविवारी ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, ब्रेकवर तिघे, पहाटे भट्टी पेटवायला आणि पुसायला दोघे, फलाटावर पाहुण्यांसाठी दोघे. झाले दहा. ३५ गुणिले १०, म्हणजे ३५० पाळ्या. एक माणूस महिन्यातून एक रविवार देऊ शकतो असं धरलं, तर आठ महिन्यांत त्याच्या आठ पाळ्या. ३५० भागिले ८, म्हणजे ४४ माणसं. आठवड्याच्या मधल्या दुरुस्तीला तेवढीच धरा. नव्वदच्या आसपास.

पनवेल, तळोजा, कर्जत, बदलापूर, कल्याण या पट्ट्यात नव्वद हौशी माणसं मिळणार नाहीत, असं मला वाटत नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतच बॉयलरवर काम केलेले कितीतरी लोक आहेत. दाब, पाण्याची पातळी, सेफ्टी व्हॉल्व्ह हे त्यांना शिकवावं लागणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. चढावरचं वाफेचं इंजिन चालवायला शिकवणारा माणूस लागतो आणि तो पुस्तकातून तयार होत नाही. १९८२ साली नेरळच्या शेडमध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीच्या आसपास आहे.

असा कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला विचारायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या रुळांवर वाळू कधी सोडायची? कोळसा भट्टीत कोणत्या कोपऱ्यात आधी टाकायचा? उतरताना पाणी काचनळीत किती दिसलं की बरं वाटायचं? ब्रेकवाल्यांसाठी किती शिट्या, आणि त्यातल्या कोणत्या शिटीला सगळे घाबरायचे? त्याची उत्तरं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला रेल्वेची परवानगी लागत नाही.